फोटो काढायचा कशासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी बोलवायच्या आणि त्यांचे विचार ऐकायचे, अशी आपली दरवर्षीची रीत. यंदा कार्यकारिणीने ठरविले की आपल्यापैकीच तिघी-चौघींनी आपापल्या हातातल्या कलेविषयी बोलावे. विणकामावर बोलून झाले, भजनावर झाले, आणि फोटोग्राफीचे नाव निघताच सर्वांनी माझ्याकडे पाहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. परंतु तेराव्या वर्षापासून मी फोटोच्या कामात आहे आणि आज चाळिशी ओलांडून बरीच पुढे आले आहे. तेव्हा मी जे सांगेन ते पुस्तकातले थोडे आणि हाताखालून गेलेले जास्त, असे समजून गोड मानून घ्यावे.

मला विषय दिला आहे, 'फोटोग्राफीची कला टिकवावी कशी?' आज प्रत्येकीच्या पिशवीत मोबाइल आहे. हळदीकुंकवाचे तबक फिरण्याआधी त्याचा फोटो निघतो. मग टिकवायचे ते काय, असे कोणालाही वाटेल. मला वाटते, फोटो काढावा कसा हे आता यंत्रच सांभाळते. तो काढायचा कशासाठी, हे मात्र आपले आपल्यालाच ठरवावे लागते. ते एकदा सुटले की हातातली कलाही हळूहळू सुटते. आज मला एवढेच सांगायचे आहे. त्यासाठी दोन थोर स्त्रियांची हकीकत सांगते आणि मग थोडे माझे सांगते.

माझ्या वडिलांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. आईच्या आजारपणामुळे माझी शाळा सुटली, तेव्हा दुपारचा स्वयंपाक आटोपला की मी वडिलांच्या डार्क रूममध्ये हाताखाली जाऊन बसे. लाल दिव्याखाली पांढरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा आणि ट्रे हळूहळू हलवीत राहायचा. मिनिटा-दीड मिनिटात त्या कोऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे, मग कुंकू उमटू लागे. मग कागद पाण्यातून काढून हायपोत घालायचा आणि पुन्हा पुष्कळ पाण्याने धुवायचा. वडील म्हणत, "हायपो राहिला तर फोटो पुढे पिवळा पडतो. धुण्याचा कंटाळा करू नकोस. आज गिऱ्हाइकाला दिसणार नाही, वीस वर्षांनी दिसेल." वीस वर्षांनी तो फोटो कोण पाहणार, याचा विचार त्यांनी आज करायचा, ही गोष्ट माझ्या बालबुद्धीला फार नवलाची वाटे.

त्याच सुमारास त्यांनी मला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. दादासाहेब चित्रपटाकडे वळण्याआधी काही काळ गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करीत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण मला आज त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्याविषयी सांगायचे आहे. १९१२ साली दादासाहेब इंग्लंडला जाऊन कॅमेरा आणि फिल्मचे सामान घेऊन आले. कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडावी लागत, आणि फिल्मला उजेड लागून चालत नसे. म्हणून ते काम अंधारात, हाताच्या अंदाजाने करावे लागे. ते सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. फिल्म धुण्याची रसायने त्या कालवीत. बाहेर चित्रण असेल तेव्हा उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे पात्रांच्या चेहऱ्यावर उजेड परतून पडावा. आणि हे सारे करून साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने त्यांनी काढून दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या चित्रपटात काम करायला दादासाहेबांना एकही स्त्री मिळाली नाही आणि तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, हे आपण ऐकतो. पडद्यावर स्त्री नव्हती खरी, पण पडद्यामागे होती. तिचे हात त्या फिल्मच्या प्रत्येक हातभर लांबीवरून फिरले होते.

सरस्वतीबाईंना त्या कामात नाव मिळायचे नव्हते आणि पैसा तर हातचा जात होता. तरी त्यांचे मन त्यात रमले, कारण हे काम कशासाठी चालले आहे ते त्यांना पक्के ठाऊक होते. पुराणातली माणसे आपल्याच लोकांनी, आपल्याच देशात, पडद्यावर हलती करून दाखवायची होती.

ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी, म्हणजे ९ डिसेंबर १९१३ रोजी, गुजरातेत नवसारीला एका पारशी कुटुंबात होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. त्यांचे वडील नाटक कंपनीत नट होते. होमाई मुंबईत वाढल्या आणि जे. जे. कलाशाळेत शिकल्या. माणेकशा व्यारावाला यांनी त्यांना कॅमेरा शिकविला, आणि पुढे त्यांच्याशीच त्यांचा विवाह झाला. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात, कारण बाईने काढलेला फोटो म्हटल्यावर तो घेणार कोण? १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या आणि मग जवळजवळ तीस वर्षे त्यांनी वृत्तपत्रांसाठी फोटो काढले. साडी नेसून, जड कॅमेरा आणि सामान पाठीवर घेऊन, सायकलवरून त्या दिल्लीत फिरत. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचे नाव घेतात. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर तिरंगा चढला तो प्रसंग त्यांनी टिपला. लॉर्ड माउंटबॅटन देश सोडून निघाले ते दृश्य त्यांनी टिपले. महात्मा गांधींची अंत्ययात्रा, पंडित नेहरूंची अंत्ययात्रा, लालबहादूर शास्त्रींची अंत्ययात्रा, सर्व त्यांच्या कॅमेऱ्याने पाहिले. आपल्या जन्माचे साल आणि पहिल्या मोटारीचा डीएलडी १३ हा नंबर यांवरून 'डालडा १३' हे टोपणनाव त्यांनी स्वतःच घेतले होते. बाई विनोदी असली पाहिजे!

एवढ्या मोठ्या बाईने १९७० साली कॅमेरा बाजूला ठेवला. आदल्याच वर्षी पती वारले होते. शिवाय धंद्याची रीत बदलत चालली होती. आपल्या वेळी फोटोग्राफर कपडे नीट घालीत, एकमेकांचा मान ठेवीत, समोरच्या माणसाचा आब सांभाळीत. नव्यांना ती चाड राहिली नाही, असे त्यांना वाटले. ज्या रीतीने काम करण्यात आपल्याला समाधान होते ती रीतच उरली नसेल, तर कॅमेऱ्याला चिकटून राहण्यात काय अर्थ, असा त्यांचा विचार दिसतो. पुढे त्या बडोद्याला राहिल्या. १९८९ साली एकुलता एक मुलगा गेला, त्यानंतर त्या एकट्याच होत्या. पण हात काही स्वस्थ बसले नाहीत. बाग केली, घरातले सुतारकाम केले, मोडले ते स्वतः दुरुस्त केले. त्यांनी काढलेल्या फोटोंवर पुढे २००६ साली मोठे पुस्तक निघाले, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन त्या निवर्तल्या.

भगिनींनो, या बाईंची हकीकत मी प्रथम ऐकली तेव्हा मला त्यांचा राग आला होता. एवढी विद्या हातात असून ती सोडायची? पुढे माझ्यावर वेळ आली तेव्हा ती गोष्ट मला उलगडली.

लग्न होऊन मी या गावात आले ती स्टुडिओच्याच घरात. आमचे यजमान लग्नाची शूटिंग घेत आणि मी स्टुडिओत बायकांचे फोटो काढी. मुलीला स्थळासाठी फोटो हवा असला की तिची आई म्हणे, "वहिनींकडेच काढू या. मुलगी लाजते ती त्यांच्यापुढे लाजत नाही." डोहाळजेवणाचे, बारशाचे, शाळेच्या फॉर्मचे, किती फोटो काढले त्याची गणती नाही. मग डिजिटल आले. डार्क रूमची जागा संगणकाने घेतली. ते आम्ही शिकून घेतले. मग मोबाइल आले आणि फॉर्मचे फोटो कमी झाले. २०२० साली टाळेबंदी लागली, लग्ने थांबली, भाडे मात्र थांबेना. २०२१ च्या सुरुवातीला आम्ही स्टुडिओ बंद केला. दिवे विकले, पडदे विकले. यजमान एका गोदामात हिशेबनीस म्हणून लागले. एक कॅमेरा तेवढा राहिला. त्यालाही गिऱ्हाईक आले होते, आणि लेकीच्या कॉलेजची फी भरायची होती. मी म्हटले, दिवाळीपर्यंत राहू द्या. का म्हटले ते मला त्या वेळी सांगता आले नसते.

कॅमेरा कपाटात गेला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, कॅमेरा नुसता जपून ठेवून जपला जात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बंद कपाटात दमट हवा कोंडते आणि भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, आणि ते खोल गेले म्हणजे भिंग कायमचे खराब होते. त्याला उजेड दाखवावा लागतो, वारा द्यावा लागतो, आणि सर्वांत चांगले म्हणजे तो वापरावा लागतो. म्हणून मी आठवड्यातून एकदा कॅमेरा काढी, पुसे, खिडकीशी थोडा वेळ ठेवी आणि पुन्हा आत ठेवी. फोटो काढावा असे मात्र वाटत नसे. कोणाचा काढायचा आणि कोणाला द्यायचा?

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या गल्लीतल्या एक काकू गेल्या. नाव घेत नाही, आपल्या सर्वांच्या परिचयाच्या होत्या. तेराव्याला फोटो हवा म्हणून त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी फोटो होते. नातवाचे वाढदिवस, सुनेचे डोहाळजेवण, सहली. आम्ही दोघे ते एकेक करून पाहात गेलो. काकू कुठे पाठमोऱ्या, कुठे हातात पातेले घेऊन अर्ध्या, कुठे नुसता पदर. जिने पन्नास वर्षे त्या घरात सर्वांना वाढले, ती प्रत्येक फोटोच्या वेळी स्वयंपाकघरात होती. "आईचा एकटीचा असा फोटोच नाही," तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. शेवटी आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी २०१८ साली काढलेला सर्व बायकांचा फोटो शोधून काढला. त्यात काकू हसत होत्या. शेजारच्या मैत्रिणीचा हात त्यांच्या खांद्यावर होता. चेहरा वेगळा काढून, तो हात पुसून, मागचे सारखे करायला मला अर्धी रात्र लागली.

तेराव्याला ती मैत्रीण आली होती. हार घातलेल्या फोटोकडे पुष्कळ वेळ पाहून मला हळूच म्हणाली, "माझा हात काढलास होय ग?" मी दुसऱ्या दिवशी तो मूळचा फोटो, हातासकट, छापून तिला नेऊन दिला. तो अजून तिच्या देवघराशेजारी आहे.

तेव्हापासून फोटो कशासाठी काढायचा, हा प्रश्न मला पडलेला नाही. मी यजमानांना सांगितले, कॅमेरा विकायचा नाही. फीसाठी मी शिवणाची कामे घेईन. त्यांनी मान डोलावली. आपल्या मंडळातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक बाईचा, तिचा एकटीचा, ती हसतीखेळती असताना, एक चांगला फोटो काढायचा आणि कागदावर छापून तिच्या हातात द्यायचा, असे मी ठरविले. आजवर त्रेचाळीस झाले. कागदाचा खर्च ज्यांना देता येतो त्या देतात, उरलेला मी आणि मंडळ मिळून सोसतो.

हे काम कसे करते तेही सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. आधी 'नको' ऐकून घ्यायचे. "माझा कसला फोटो काढतेस? दात पडलेत," असे प्रत्येक जण म्हणते. मी कॅमेरा पिशवीतच ठेवते. चहा होतो, माहेरच्या गोष्टी निघतात. माहेरच्या गावाचे नाव काढले की सत्तर वर्षांच्या आजींचा चेहरा कसा फुलतो ते बघावे! तेव्हा कॅमेरा बाहेर काढायचा. जागा म्हणजे दाराशी किंवा खिडकीशी, सकाळी नवापर्यंत नाही तर संध्याकाळी चारनंतर. भर दुपारी उन्हात उभे केले तर डोळ्यांखाली काळे खळगे दिसतात. फ्लॅश नको, तो चेहरा सपाट करतो. चेहऱ्याची एक बाजू अंधारात जात असेल तर त्या बाजूला पांढरे धोतर दोन हातांत ताणून कोणीतरी धरावे. उजेड त्यावरून परतून चेहऱ्यावर येतो. असे धोतर सुनेला धरायला सांगते तेव्हा मला हटकून सरस्वतीबाई फाळके आठवतात. हात मांडीवर दिसू द्यावेत. बाईचे सारे आयुष्य तिच्या हातांवर असते, आणि फोटो काढणारे नेमके तेच खाली कापतात.

मोबाइलनेही हे सर्व होते. फक्त आधी पदराने त्याचे भिंग पुसा, कारण त्यावर फोडणीचे बोट लागलेले असते. दुरून ओढून मोठे करू नका, दोन पावले पुढे जा. आणि काढलेला फोटो छापून घ्या. मोबाइल पडला, पाण्यात गेला, चोरीस गेला, की सारे गेले. छापलेला फोटो ट्रंकेत पन्नास वर्षे राहतो. त्याच्या मागे कागदाची चिठ्ठी ठेवा. तीवर नाव, माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि साल लिहा. माहेरचे नाव आवर्जून लिहा. पुष्कळ घरांत आजीचे माहेरचे नाव नातवंडांना सांगता येत नाही.

आता एक गोष्ट मनात ठेवावी असे वाटते. फोटो काढणे हे दुसऱ्याच्या घरात जाण्यासारखे आहे. बोलावल्याशिवाय आत शिरू नये. एका आजींनी मला तीनदा नाही म्हटले. मी चौथ्यांदा विचारले नाही, नुसती बसायला जात राहिले. सात-आठ महिन्यांनी त्याच म्हणाल्या, "आज हिरवी साडी नेसले आहे, आणला आहेस का ग तुझा तो डबा?" तो माझा सर्वांत आवडता फोटो आहे. होमाईबाई समोरच्या माणसाच्या ज्या आबाविषयी बोलत तो हाच असावा. त्यांना तो सांभाळता येईना तेव्हा त्यांनी कॅमेरा ठेवला. मला आपल्या गल्लीत तो सांभाळता येतो, म्हणून मी उचलला.

मला पुष्कळ जणी विचारतात, रांधा-वाढा-उष्टी काढा यातून तुझ्या कलेला वेळ कसा मिळतो? वेळ मिळत नाही. पण डोळे तर उघडेच असतात. तांदूळ निवडायला दारात बसले की उजेड कुठून येतो, कोणाच्या गालावर पडतो, हे मी पाहात असते. कॅमेरा हातात नसला तरी ही सवय सोडली नाही, म्हणून तो हातात आला तेव्हा परका वाटला नाही. तुमच्या हातात सुई असेल, पेटी असेल, रांगोळी असेल. तुम्हालाही हेच लागू आहे. ती कोणासाठी करायची हे एकदा ठरवा. मग घरातली कामे तिच्या आड येत नाहीत, उलट तिला वाट करून देतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाच्या यादीत साठीच्या पुढच्या अजून एकोणीस भगिनी आहेत, ज्यांचा एकटीचा फोटो झालेला नाही. मी एकटी पुरी पडणार नाही. ज्यांच्याकडे बरा मोबाइल आहे आणि दुपारी तासभर मोकळा आहे, अशा चार-पाच जणींनी पुढच्या शनिवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत यावे. येताना एक पांढरे धोतर आणावे. बाकीचे मी शिकवीन.

आणि आज घरी गेल्यावर, आईचा किंवा सासूबाईंचा एकटीचा फोटो घरात आहे का, तेवढे पाहावे.